वहीतले कोरे दिवस

ऑर्लिन हाउगेनच्या हिशेबाप्रमाणे मिनेसोटा सोडून साउथ डकोटाचे रहिवासी होण्यात वर्षाकाठी एकोणतीसशे डॉलरचा फायदा होता आणि खर्च फक्त दोनशे अठरा. त्यातले अडतीस एका रात्रीच्या कॅम्पचे. ती पावती दाखवली की तिथे वाहनचालक परवाना मिळतो. उरलेले एकशे ऐंशी टपालपेटीच्या वर्षाच्या भाड्याचे, कारण परवान्यावर पत्ता म्हणून काहीतरी छापावे लागतेच. साउथ डकोटात राज्याचा प्राप्तिकर नाही. ऑर्लिनने ती एक रात्र काढली, परवान्यासाठी फोटो काढून घेतला आणि त्या राज्याला जो रामराम ठोकला, तो पुन्हा फक्त परवान्याच्या नूतनीकरणापुरता परतण्यासाठी.

त्याआधी चाळीस वर्षे तो अल्बर्ट ली गावातल्या शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत होता. निवृत्त झाल्यावर त्याने आणि आर्डिसने चौतीस फुटी मोटरहोम घेतले, गावातले घर यिंग लोर नावाच्या नर्सला भाड्याने दिले आणि दोघे कायमचे रस्त्याला लागले. दोन हजार बावीस साली ऑर्लिनने निवृत्तीची एक लाख साठ हजारांची पुंजी एकदम काढून मोटरहोमचे कर्ज फेडले. मिनेसोटाचा रहिवासी असता तर त्यातले दहा हजारांवर राज्याच्या खिशात गेले असते. ते वाचले म्हणून त्याने क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटातल्या हिवाळी कॅम्पमध्ये सगळ्यांना बिअर पाजली आणि कर कसा वाचवावा यावर दीड तास भाषण दिले. तेव्हापासून कॅम्पमध्ये त्याला गव्हर्नर म्हणत. थट्टेने म्हणत, पण सल्ला विचारायलाही येत. त्याला त्यातले दुसरे तेवढे ऐकू यायचे.

यंदाच्या जानेवारीत टपालाचा गठ्ठा आला. साउथ डकोटाच्या पेटीत पडलेले टपाल दर तीन आठवड्यांनी त्यांच्यामागे धावत येई, आणि ते घेऊन येण्याचे काम आर्डिसचे. तिने मोटरहोमच्या पायरीवर बसूनच पाकिटे फोडली. तिसरे पाकीट मिनेसोटाच्या महसूल खात्याचे होते. तिने ते दोनदा वाचले आणि बाहेर कापडी छताखाली खुर्ची टाकून बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवले.

“गव्हर्नरसाहेब, तुमच्या जुन्या राज्याने आठवण काढलीय.”

पत्रात दोन गोष्टी होत्या. पहिली, अल्बर्ट लीच्या घराचे चार वर्षे भाडे मिळत असताना त्याचे विवरणपत्र एकदाही आलेले नाही. दुसरी, दोन हजार बावीस साली तुम्ही मिनेसोटाचेच रहिवासी होता असे खात्याला वाटते. तसे नसेल तर त्या वर्षीचा प्रत्येक दिवस कुठे काढलात ते पुराव्यासह कळवा. नाहीतर दंड-व्याजासह चौदा हजार सहाशे डॉलर भरा. मुदत तीस दिवसांची होती. त्यातले एकोणीस टपालाने खाल्ले होते.

चौदा हजार सहाशे म्हणजे काय हे दोघांनाही मोजून दाखवायला नको होते. बँकेत नऊ हजार होते. बाकीचे उभे करायचे तर मोटरहोम विकून आपल्याच घरात परत जायचे आणि यिंगला व तिच्या शाळेत जाणाऱ्या दोन मुलींना दुसरे घर शोधायला सांगायचे.

“यांना कळलं कसं, तेच समजत नाही,” ऑर्लिन म्हणाला.

आर्डिसला समजले होते. मिनेसोटात भाडेकरूला भाडे भरल्याचा दाखला घरमालकाकडून मिळतो आणि तो जोडून कराचा थोडा परतावा मागता येतो. ऑर्लिन दर जानेवारीला यिंगला तो दाखला न चुकता पाठवायचा. आपले पूर्ण नाव, पत्ता आणि वर्षभरात घेतलेले भाडे सेंटपर्यंत भरून, सही ठोकून. एक वर्ष टपाल रखडले तर त्याने जादा पैसे भरून दाखला तातडीने धाडला होता.

“तिला चारशे डॉलर परत मिळतात,” तो म्हणाला. “द्यायलाच लागतो तो. तिचा हक्क आहे.”

“मग राज्याचा हक्क कुठे गेला होता?”

यावर ऑर्लिनचे ठरलेले उत्तर होते: साउथ डकोटाच्या माणसाला राज्याचा कर नसतो. पण या वेळी ते उत्तर त्याच्या तोंडातून थोडे हळू निघाले.

कॅम्पच्या दुसऱ्या टोकाला, निवडुंगांच्या पलीकडे, ग्वेन पासमोर हिचा लहानसा ट्रेलर उभा असे. बाई बावीस वर्षे दुसऱ्या एका राज्याच्या कर खात्यात लेखातपासणी करून निवृत्त झालेली. आता ती फिरत्या लोकांची विवरणपत्रे भरून द्यायची. फी ठरलेली, घासाघीस नाही. ऑर्लिनने चार वर्षांत तिच्याकडे एकदाही पाऊल टाकले नव्हते. जे आपण लोकांना फुकट सांगतो त्याचे ही बाई पैसे घेते, असे तो म्हणायचा, आणि तिच्या कानावर ते गेलेही होते. त्या दिवशी आर्डिस त्याला घेऊन गेली. घेऊन गेली म्हणजे पुढे ती आणि मागे वीस पावलांवर हा.

ग्वेनने पत्र वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारले, “ऑर्लिन, तुझ्या घराला चाकं आहेत?”

“आहेत की.”

“हे नाही. अल्बर्ट लीचं.”

“त्याला कुठून असणार?”

“मग ते मिनेसोटातच उभं आहे, आणि त्याचं भाडं मिनेसोटातच मिळतं. तू साउथ डकोटात राहा नाहीतर मंगळावर राहा. माणूस पत्ता बदलू शकतो, घर नाही बदलत.”

कॅम्पमधल्या किमान सहा जणांना आपण याच्या बरोबर उलटे सांगितले आहे, हे ऑर्लिनला त्याच क्षणी आठवले आणि त्याने मनात त्यांची यादी करायला घेतली. दोघांची घरे ओरेगनात होती.

मग ग्वेनने भाड्याचे कागद मागितले आणि इथे पहिल्यांदा त्याच्या छातीवरचा दगड थोडा हलला. भाडे वर्षाला सतरा हजार चारशे. त्यातून गावाचा मालमत्ता कर, विमा, छपराची दुरुस्ती आणि घराचा वर्षावर्षाचा घसारा वजा केला की हातात उरत होते दोन-अडीच हजार. त्यावर राज्याचा कर किती? ग्वेनने पेन्सिलीने कोपऱ्यात आकडा लिहिला आणि कागद त्याच्याकडे फिरवला. चार वर्षांचा मिळून कर साडेपाचशेच्या आसपास, दंड-व्याज वेगळे.

“एवढाच?” ऑर्लिन म्हणाला. एवढ्यासाठी आपण चार वर्षे कर चुकवणारे ठरलो, याचा त्याला जरा अपमानच वाटला.

“एवढाच. तू चोर नाहीस रे. चोर भाडेकरूला दाखला पाठवत नाही. आता दुसरी भानगड बोला. बावीस साली मिनेसोटात किती दिवस होतात?”

भानगड तिथेच होती. घर भाड्याने देताना ऑर्लिनने मागच्या अंगणातला सिमेंटचा चौथरा करारातून वगळून स्वतःकडे ठेवला होता. त्यावर विजेची जोडणी, पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची नळी. उन्हाळ्यात मुलीला आणि नातवंडांना भेटायला जायचे तर कॅम्पचे भाडे का भरा, असा त्यात हिशेब होता. ही युक्तीही त्याने लोकांना शिकवली होती. ग्वेनने ते ऐकून डोळे मिटले. “म्हणजे राज्यात स्वतःची राहायची जागा ठेवलीस. झकास. आता वर्षात एकशे त्र्याऐंशी दिवस तिथे भरले असतील, तर तू मिनेसोटाचा. आणि अर्धा दिवससुद्धा पूर्ण दिवस धरतात.”

एरवी ते चार महिन्यांवर राहत नसत. पण बावीस साली आर्डिसच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पुढे व्यायामाच्या फेऱ्या, आणि मुक्काम लांबला.

आर्डिसकडे वही होती. रस्त्यावरच्या प्रत्येक रात्री ती जागेचा शेरा लिहायची: जागा चौदा, नळ लांब, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो, जागा दोन, सावली छान, मालकीण आगाऊ. फिरस्त्या लोकांत अशी वही घराघरांत असते, पुन्हा त्याच वाईट जागी गाडी लावू नये म्हणून. मात्र मिनेसोटातल्या दिवसांची पाने कोरी होती. आपल्याच अंगणाला काय शेरा द्यायचा? त्यामुळे मोजणी उलटी करायची ठरली. शेरा आहे तो दिवस बाहेरचा, कोरा आहे तो मिनेसोटातला, आणि राज्यातून निघण्याचा दिवस शेरा असला तरी तिथलाच.

तिघांनी वेगवेगळे मोजले. तिघांचेही मिनेसोटातले दिवस एकशे चौऱ्याण्णव आले.

ग्वेनने पेन्सिल कानामागे खोचली. ऑर्लिन वाळवंटाकडे पाहू लागला. आर्डिसने वही पुन्हा ओढून घेतली, ऑगस्टच्या पानावर बोट ठेवले आणि तिचा चेहरा उजळला.

“हे तेरा दिवस मिनेसोटातले नाहीतच. आपण क्लिअर लेकला होतो. आयोवात.”

“मग लिहिलं का नाहीत?” ग्वेनने विचारले.

“मी याच्याशी बोलत नव्हते. म्हणून वहीशीही नाही.”

हकिगत अशी होती. आठ ऑगस्टला अल्बर्ट लीहून दक्षिणेकडे निघाले असता क्लिअर लेकजवळ रेल्वेचा जुना पूल आला. आर्डिसने पाटी मोठ्याने वाचली: अकरा फूट आठ इंच. मोटरहोम बारा फूट चार. ऑर्लिन म्हणाला, पाट्यांवर नेहमी थोडे राखून लिहितात. पुलाने राखले नव्हते. छतावरची दोन्ही वातानुकूलन यंत्रे आणि पत्र्याचा मोठा तुकडा मागे रस्त्यावर राहिला. दुरुस्तीवाल्याच्या आवारातच, उघड्या छतावर ताडपत्री ओढून, दोघांनी तेरा रात्री काढल्या. बरोबर दुसरे वाहन नव्हते, होत्या त्या दोन सायकली.

“सायकलवर बसून मिनेसोटात नाही ना गेलात?” ग्वेनने गंभीरपणे विचारले.

“या गुडघ्याने?”

ग्वेनने बोटांवर मोजले. तेरा रात्री, पण जायचा आणि परतायचा दिवस मिनेसोटाच्या खात्यात. मधले पूर्ण दिवस बारा. एकशे चौऱ्याण्णवातून बारा गेले, एकशे ब्याऐंशी. एका दिवसाने सुटता. पण पुरावा हवा, गाडी कधी आत आली आणि कधी बाहेर पडली याच्या तारखांसकट दुरुस्तीचे बिल.

“ते विमा कंपनीकडे असणार,” आर्डिस म्हणाली. “सगळे पैसे त्यांनीच तर भरले. ऑर्लिन, उद्या फोन कर.”

ऑर्लिन बरं म्हणाला. त्याचा आवाज ऐकून ग्वेनने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा कागदात डोके घातले.

विमा कंपनीने एक सेंटही भरला नव्हता, कारण तिला कोणी कळवलेच नव्हते. कळवले असते तर हप्ता वाढला असता, शिवाय अर्जात पुलाची उंची आणि गाडीची उंची शेजारीशेजारी लिहावी लागली असती. ऑर्लिनने दुरुस्तीवाल्याच्या दाराशी उभे राहून फोनवरूनच दोघांची मासेमारीची बोट मुलीच्या शेजाऱ्याला सात हजार नऊशेला विकली, चोपन्नशे बिलात भरले आणि आर्डिसला सांगितले की बोट पंचवीसशेला गेली. जुनी झाली होती ना. आर्डिसला वाईट वाटले होते. ती आणखी किमतीची आहे असे तिला वाटत होते. बिल डिझेलच्या पावत्यांच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी होते. ऑर्लिन कागद फेकणारा माणूस नव्हता, स्वतःविरुद्धचा असला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरायला म्हणून निघाला आणि टेकाडामागे जाऊन क्लिअर लेकला फोन लावला. दुरुस्तीवाल्याने रकमेशिवाय नुसत्या तारखांचे पत्र दिले तर सगळेच साधणार होते. फोन उचलला तो गाड्या धुण्याच्या केंद्राने. दुरुस्तीवाला धंदा विकून फ्लोरिडाला गेला होता. बहुधा तोही आता तिथला रहिवासी झाला असावा.

मग ऑर्लिन ग्वेनच्या ट्रेलरशी गेला आणि आडवळणाने विचारू लागला, एखाद्या कागदावरची रक्कम काळी करून पाठवली तर चालते का.

“मी बावीस वर्षं असे कागद तपासलेत,” ग्वेन म्हणाली. “काळं केलेलं दिसलं की माझी झोप उडायची आणि समोरच्याचीही उडवायचे. शिवाय कागदांवर सही दोघांची लागणार. काय आहे ते मला नको सांगूस. जिला सांगायचंय ती तिकडे बसलीय.”

परत येताना ऑर्लिनने सवयीने दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. एका बाजूला चौदा हजार सहाशे, मोटरहोम, यिंगचे घर. दुसऱ्या बाजूला आर्डिसचा अबोला, ज्याचा मागचा दर तेरा दिवस होता, तोही फक्त पुलासाठी. बोटीचा दर काय असेल ते त्याला काढता येईना. पण पाय मोटरहोमकडे आपोआप चालत होते आणि तिथे पोचल्यावर त्याला जाणवले की तीन वर्षांत त्या डब्यातून एखादी पावती काढताना आपला हात दर वेळी तिथे अडखळला आहे, आणि आता तो अडखळणार नाही.

आर्डिस बाहेरच्या टेबलावर संत्री सोलत बसली होती. त्याने डबा आणून तिच्यासमोर ठेवला, तळाचा कागद काढून वर ठेवला.

“विम्याने भरले नव्हते,” तो म्हणाला.

आर्डिसने हात पुसले आणि बिल वाचले. तारखा वाचल्या: आठ ऑगस्ट आत, एकवीस ऑगस्ट बाहेर. मग खालची रक्कम वाचली.

“बोट कितीला गेली?”

“सात हजार नऊशे.”

“आणि मला सांगितलंस पंचवीसशे.”

तिचे ओठ हलले. ती वजाबाकी करत होती हे त्याला कळले. चोपन्नशे. पुन्हा बिलाकडे पाहिले. चोपन्नशे.

“निदान बेरीज खरी ठेवलीस,” ती म्हणाली. “मला तीन वर्षं वाटतंय की त्या शेजाऱ्याने आपल्याला फसवलं. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोशी धड बोलले नाही मी.”

“आता किती दिवस?” ऑर्लिनने विचारले.

“काय किती?”

“अबोला.”

आर्डिसने संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि चावून होईपर्यंत त्याला ताटकळत ठेवले. “तुला काय वाटतं, मला परवडतं का? मुदतीला दहा दिवस उरलेत आणि सह्या बऱ्याच आहेत. बोलत बोलतच रागावीन मी या वेळी.”

आणि ती रागावली, चांगली दुपारभर. पुलावरून सुरुवात करून मागे एकोणीसशे शहाऐंशीपर्यंत गेली. ऑर्लिन ऐकत बसला. वर्षानुवर्षे आवळून धरलेली एखादी पट्टी सुटावी तसे त्याचे खांदे खाली आले होते. मध्येच त्याला हसू आले आणि त्याबद्दल त्याने आणखी थोडे ऐकून घेतले.

आर्डिस वहीत ते बारा दिवस भरायला निघाली होती, पण ग्वेनने तिचा हात धरला. कोरे ते कोरेच पाठवायचे. आज नवी शाई लावली तर सगळी वही खोटी वाटेल. कोऱ्या पानांचे कारण वेगळ्या पत्रात, आहे तसे लिहायचे. म्हणून मिनेसोटाच्या महसूल खात्याला आर्डिसच्या सहीने जे पत्र गेले त्यात लिहिले होते की सदर तेरा रात्री आम्ही आयोवात होतो, बिल सोबत जोडले आहे, आणि नोंद नाही कारण मी नवऱ्याशी बोलत नव्हते. पुलाची उंचीही सोबत दिली आहे. त्याच पाकिटात चार वर्षांची भाड्याची विवरणपत्रे गेली, न मागता सगळी, घसाऱ्यासकट. रजिस्टर टपालाने, मुदतीच्या सहा दिवस आधी.

गुरुवारच्या सामुदायिक जेवणाला ऑर्लिन उभा राहिला. प्रत्येकाने आपापला पदार्थ आणून लांब टेबलावर मांडला होता आणि लोक ताटे भरत होते. त्याने सांगितले की भाड्याच्या घराबद्दल मी जे सांगत आलो ते चूक होते. ज्यांची घरे दुसऱ्या राज्यांत भाड्याने आहेत त्यांनी ग्वेनकडे जावे, आणि ती घेते ते पैसे रास्त आहेत. ओरेगनच्या दोघांपैकी एकाने विचारले की गव्हर्नरने राजीनामा दिला असे समजायचे का. दुसरा म्हणाला, राजीनामा कसला, लोकांनी हाकलला म्हणा. सगळे हसले, ऑर्लिनही, आणि कोणीतरी त्याच्या ताटात बटाट्याचा मोठा डाव वाढला. त्या आठवड्यात ग्वेनकडे चार जण गेले. पाचवा अजून विचार करतो आहे.

उत्तर यायला सात आठवडे लागले. पाकीट पातळ होते, आणि पातळ पाकीट चांगले की वाईट यावर दोघांत पोस्टापासून कॅम्पपर्यंत वाद झाला. शेवटी आर्डिसने पायरीवर बसून ते फोडले. दोन हजार बावीससाठी तुम्ही अनिवासी असल्याचे खात्याने मान्य केले आहे. भाड्याच्या उत्पन्नावर चार वर्षांचा कर पाचशे एकसष्ट, दंड आणि व्याज एकशे एक्याऐंशी, एकूण सातशे बेचाळीस डॉलर. बाकी काही नाही. आर्डिसने ते मोठ्याने वाचले. ऑर्लिन म्हणाला, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचले. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला. पायरी दोघांना पुरत नव्हती, तरी बसला, आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला, जणू तेही राज्याने आजच मंजूर केले होते.

मग त्याने यिंगला फोन करून सांगितले की भाडे आहे तेवढेच राहील आणि घरही तिचेच. ते जाण्याची वेळ आली होती हे तिला ठाऊकच नव्हते, त्यामुळे तिला फारसा आनंद झाला नाही. तिने उलट स्वयंपाकघराचा नळ गळतो म्हणून सांगितले. ऑर्लिनने तो लिहून घेतला. मागच्या अंगणातला चौथराही त्याने करारात तिच्या नावे घातला. आता मुलीकडे गेले की दोघे गावाच्या कॅम्पमध्ये उतरणार, पैसे भरून, आणि आर्डिस शेरा लिहिणार.

बोटीचे तेवढे राहिले होते. आर्डिसचे म्हणणे, लपवलेल्या चोपन्नशेत निम्मा वाटा तिचा, आणि पुलाला काही दोघांनी मिळून धडक दिली नव्हती. ऑर्लिनने एकदाही हरकत घेतली नाही. महिन्याला शंभर, त्याच्या निवृत्तिवेतनातून, सत्तावीस महिने. पहिला हप्ता तिने त्याच्यासमोर मोजून घेतला आणि बोट घेणाऱ्या शेजाऱ्याच्या बायकोला एक केक पाठवला.

चौदा हजार सहाशे कोणालाच भरावे लागले नाहीत. मिनेसोटाला मिळाले सातशे बेचाळीस, ग्वेनला साडेतीनशे, आर्डिसला मिळताहेत सत्तावीसशे. एकूण तीन हजार सातशे ब्याण्णव, आणि सगळे एकट्या ऑर्लिनच्या खिशातून.